न्यायाधीशाचा चेहरा

रामशास्त्री प्रभुणे हे नाव उच्चारले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जो चेहरा उभा राहतो, तो बहुधा गजानन जागीरदारांचा असतो. प्रभातचा ‘रामशास्त्री’ हा चित्रपट १९४४ साली आला. ज्यांनी तो पाहिला त्यांच्यासाठी आणि ज्यांनी त्याची केवळ एखादी चौकट मासिकात पाहिली त्यांच्यासाठीही, पेशवाईतील त्या न्यायाधीशाला तेव्हापासून एक निश्चित मुद्रा मिळाली. रामशास्त्री वारले १७८९ साली. छायाचित्रणाची कला जगासमोर आली त्यानंतर पन्नास वर्षांनी, १८३९ मध्ये. तेव्हा त्यांचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. आपण एका नटाची मुद्रा उसनी घेतली आणि तिच्यावर आपला आदर ठेवला. त्यात गैर काही नाही. मात्र यातून एक प्रश्न निघतो आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे: न्यायाधीशाचा गौरव चित्रातून करायचा, तर त्या चित्रात नेमके काय दिसायला हवे?

हा प्रश्न सुचला तो इटलीतील एका छायाचित्रामुळे. संघटित गुन्हेगारीशी लढलेल्या न्यायाधीशांना छायाचित्रांच्या प्रदर्शनातून मानवंदना देण्याची प्रथा त्या देशात, विशेषतः सिसिली बेटावर, आता चांगली रुजली आहे. अशा प्रदर्शनांत एक छायाचित्र हमखास असते. सभेतल्या टेबलामागे दोन मध्यमवयीन गृहस्थ शेजारी शेजारी बसले आहेत. एक जण दुसऱ्याकडे झुकून काहीतरी सांगतो आहे आणि दोघेही हसत आहेत. मिशा असलेले ते दोघे म्हणजे जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लिनो. तोनी जेंतीले या तरुण वृत्तछायाचित्रकाराने २७ मार्च १९९२ रोजी पालेर्मो शहरातील एका सभेत हे छायाचित्र टिपले. दोन महिनेही उलटले नाहीत तोच, २३ मे १९९२ रोजी, विमानतळाहून शहराकडे येणाऱ्या महामार्गावर कापाची गावाजवळ पेरलेल्या स्फोटकांनी फाल्कोने यांचा बळी घेतला. त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नी फ्रांचेस्का मोर्व्हिल्लो, ज्या स्वतःही न्यायसेवेत होत्या, आणि तीन अंगरक्षक मारले गेले. त्यानंतर अवघ्या सत्तावन्न दिवसांनी, १९ जुलै रोजी, आपल्या आईला भेटायला गेलेले बोर्सेल्लिनो तिच्या घराच्या दारातच मोटारीतील स्फोटात मारले गेले. त्यांच्यासोबत पाच अंगरक्षक गेले. त्यांतील एमानुएला लोई ही तरुणी अशा संरक्षणकार्यात प्राण गमावणारी इटलीतील पहिली महिला पोलीस होय.

या दोन हत्यांनंतर जेंतीले यांचे ते छायाचित्र घराघरांत पोहोचले. पालेर्मोच्या विमानतळाला दोघांचे नाव देण्यात आले. पंचविसाव्या स्मृतिवर्षी, २०१७ मध्ये, बंदरालगतच्या एका शाळेच्या भिंतीवर हेच छायाचित्र अनेक मजले उंच भित्तिचित्राच्या रूपाने रंगवले गेले. पुढे २०१९ साली रोमच्या एका न्यायालयापुढे वेगळाच प्रश्न आला. एका प्रसारण संस्थेने हे छायाचित्र वापरल्यावरून वाद झाला आणि ही कलाकृती आहे की साधे छायाचित्र, याचा निर्णय न्यायालयाला करावा लागला. न्यायालयाने ते साधे छायाचित्र ठरवले. त्याचे असाधारणत्व ते टिपण्याच्या पद्धतीत नसून ज्यांचे ते आहे त्या माणसांत आहे, असा त्या निर्णयाचा आशय. साध्या छायाचित्राला तेव्हाच्या कायद्याने केवळ वीस वर्षांचे संरक्षण होते आणि ती मुदत २०१२ मध्येच संपली होती. छायाचित्रकारावर यात अन्याय झाला असे अनेकांना वाटले आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण त्या निकालाने नकळत एक खरी गोष्ट सांगितली. २७ मार्च १९९२ च्या संध्याकाळी ते दोन स्नेह्यांचे हसतानाचे छायाचित्र होते आणि तेवढेच होते. नंतर जे घडले त्याने त्याचा अर्थ बदलला. आपण ते पाहतो तेव्हा त्या हसण्यामागे आपल्याला दोन स्फोट ऐकू येतात.

येथे मराठी वाचकासाठी एक खुलासा आवश्यक आहे. फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो यांना आपण सर्रास न्यायाधीश म्हणतो, पण आपल्याकडील सत्र न्यायाधीशासारखे ते उच्चासनावर बसून निकाल देणारे न्यायाधीश नव्हते. इटलीत सरकारी अभियोक्ते आणि न्यायाधीश एकाच न्यायसेवेत मोडतात आणि ‘तपासी न्यायाधीश’ नावाचे एक पद तेथे १९८९ पर्यंत अस्तित्वात होते. पुरावा गोळा करणे, साक्षीदार तपासणे, बँकांचे धनादेश आणि हिशेब धुंडाळणे आणि अखेरीस कोणावर खटला भरायचा हे ठरवणे, हे त्या पदाचे काम. गंमत अशी की आपल्या रामशास्त्र्यांची जी कीर्ती आहे तीही याच स्वरूपाची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला, तेव्हा शास्त्रीबुवांनी स्वतः चौकशी करून रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि या अपराधाला देहान्त हेच प्रायश्चित्त आहे असे तोंडावर सांगून पुणे सोडले. पगारी मारेकरी, वाड्यातले फितूर आणि त्या सर्वांमागे गादीवर बसू पाहणारा हात, अशी ती साखळी होती. आजच्या भाषेत तिला कट आणि टोळी हेच शब्द लागू पडतील.

सिसिलीतील तपासाची पद्धत घडवली ती रोक्को किन्निची यांनी. माफियाचा प्रत्येक खून सुटा न पाहता सर्व प्रकरणे एकत्र बघायची, आणि ती अनेक न्यायाधीशांनी मिळून सांभाळायची, म्हणजे एकाला मारून माहिती मारता येणार नाही, असा त्यामागचा साधा पण दूरदर्शी विचार होता. २९ जुलै १९८३ रोजी किन्निची यांना त्यांच्याच घरापुढे मोटारबॉम्बने मारण्यात आले. त्यांच्या जागी फ्लोरेन्सहून आलेल्या अंतोनिनो काप्पोनेत्तो यांनी तो गट रीतसर उभा केला. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये, संसदसदस्य पिओ ला तोर्रे आणि जनरल दाल्ला किएझा यांच्या हत्यांनंतर, माफिया पद्धतीची संघटना चालवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा झाला होता. १९८४ पासून तोम्मासो बुशेत्ता हा टोळीतला जुना माणूस फाल्कोने यांच्यापुढे बोलू लागला. १९८५ च्या उन्हाळ्यात पोलीस अधिकाऱ्यांचे खून पडले, तेव्हा फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो यांना कुटुंबांसह आसिनारा बेटावरील तुरुंगाच्या वसाहतीत हलवण्यात आले. तेथे बसून त्यांनी आठ हजारांहून अधिक पानांच्या आरोपनिश्चितीचे काम केले. परतल्यावर त्या मुक्कामाच्या खर्चाचे बिल शासनाने दोघांच्या हाती ठेवले!

या साऱ्याची छायाचित्रे कोठे आहेत? धनादेशांच्या गठ्ठ्यावर वाकलेल्या माणसाचे छायाचित्र कोण काढणार, आणि काढले तरी ते छापणार कोण? माफियाविरुद्धच्या लढ्याची जी छायाचित्रे जगाने पाहिली ती प्रामुख्याने मृतदेहांची होती आणि त्यांतली कित्येक लेतित्सिया बत्तालिया यांनी काढलेली होती. १९३५ साली जन्मलेल्या आणि २०२२ मध्ये निवर्तलेल्या या पालेर्मोकर बाईंनी दैनिकासाठी वर्षानुवर्षे रस्त्यावरचे खून टिपले. १९७९ मध्ये त्यांनी आणि फ्रांको झेक्किन यांनी या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडले, तेही कलादालनात न मांडता थेट कोर्लेओने गावाच्या चौकात. माफियाच्या सर्वांत क्रूर गटाचे गाव ते हेच. ज्या गावात अशा विषयावर बोलायचेच नाही अशी रीत, त्या गावाच्या मध्यभागी त्याच गावातील माणसांनी पाडलेले मुडदे टांगायचे, हे धाडस होते. न्यायालयापुढे मुद्देमाल मांडावा तसा तो गावापुढे मांडलेला पुरावा होता.

बत्तालिया यांच्या छायाचित्रांचा पुरावा म्हणून प्रत्यक्ष उपयोगही झाला. १९९३ मध्ये तपास अधिकाऱ्यांनी त्यांचा संग्रह धुंडाळला, तेव्हा १९७९ सालचे एक छायाचित्र सापडले. त्यात इटलीचे अनेकदा पंतप्रधान झालेले जुलिओ आंद्रेओत्ती एका हॉटेलच्या आवारात निनो साल्व्हो या माफियाशी संबंधित धनिकासोबत दिसत होते. या माणसाला आपण ओळखत नाही, असे आंद्रेओत्ती सांगत आले होते. हे छायाचित्र आपल्या संग्रहात आहे याचा बाईंनाही विसर पडला होता. मात्र फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो यांच्या हत्येच्या जागेची छायाचित्रे त्यांनी घेतली नाहीत. काढलेल्यांपेक्षा न काढलेली ही छायाचित्रे आपल्याला अधिक सलतात, असे त्या पुढे सांगत असत. एका व्यवसायनिष्ठ छायाचित्रकाराने आदरापोटी कॅमेरा खाली ठेवावा, ही नोंद कोणत्याही प्रदर्शनात मावणारी नाही. या विषयाला मात्र ती सोडून पुढे जाता येत नाही.

आता जरा त्या हसऱ्या छायाचित्रात जे नाही त्याकडे वळू. ज्या महाखटल्यासाठी फाल्कोने आणि बोर्सेल्लिनो यांनी जीव पाखडला, तो १० फेब्रुवारी १९८६ रोजी पालेर्मोच्या तुरुंगाला लागून मुद्दाम बांधलेल्या तळघरवजा न्यायगृहात सुरू झाला. आरोपी सुमारे पावणेपाचशे. भिंतीला लागून असलेल्या पिंजऱ्यांत उभ्या असलेल्या त्या आरोपींची छायाचित्रे जगभर गेली. हा खटला बावीस महिने चालला. १६ डिसेंबर १९८७ रोजी निकाल लागला आणि तीनशेहून अधिक आरोपी दोषी ठरले. या न्यायासनाचे अध्यक्ष होते आल्फोन्सो जोर्दानो. इतरांनी ती जबाबदारी नाकारल्यावर त्यांनी ती पत्करली होती. निकालापूर्वी ते आणि त्यांचे सहकारी पस्तीस दिवस बाहेरच्या जगापासून तुटून विचारविनिमय करत होते. याच खटल्याच्या अपिलाचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे येण्याची चिन्हे होती, त्या न्यायाधीश अंतोनिनो साएत्ता यांना २५ सप्टेंबर १९८८ रोजी त्यांच्या मुलासह रस्त्यात गोळ्या घालण्यात आल्या. ३० जानेवारी १९९२ रोजी सर्वोच्च न्यायपीठाने खटल्याचा मुख्य निष्कर्ष कायम केला आणि त्याचा सूड म्हणूनच पुढचे दोन स्फोट झाले, असे मानले जाते. भिंतीवरच्या चित्रात जोर्दानो नाहीत, साएत्ता नाहीत. न्यायाधीश म्हणून आपण ज्यांचे चित्र पूजतो ते तपास करणारे. प्रत्यक्ष न्यायासनावर बसून दोन्ही बाजू ऐकणारे मात्र चित्राबाहेर राहिले.

आणखी एक गोष्ट त्या चित्रात दिसत नाही, ती म्हणजे जिवंतपणी झालेली उपेक्षा. ज्यांनी १९६१ साली माफियावरची कादंबरी लिहून या विषयाला इटालियन साहित्यात स्थान मिळवून दिले, त्याच लिओनार्दो शाशा यांनी १० जानेवारी १९८७ रोजी एका मोठ्या दैनिकात लेख लिहिला आणि माफियाविरोध हे बढतीचे साधन होऊ लागल्याची टीका केली. त्यात उदाहरण दिले ते बोर्सेल्लिनो यांच्या नेमणुकीचे. पुढच्याच वर्षी, १९ जानेवारी १९८८ रोजी, काप्पोनेत्तो यांच्या जागी फाल्कोने यांची निवड होईल अशी अपेक्षा असताना न्यायसेवेच्या सर्वोच्च मंडळाने ज्येष्ठतेच्या निकषावर दुसऱ्याला निवडले. तपासाचा तो गट हळूहळू मोडला. शाशा यांचा प्रश्न मुळातून खोटा होता असे मला वाटत नाही. न्यायाधीशाची कीर्ती हा न्यायाला धोका असू शकतो, ही शंका लोकशाहीत कोणीतरी बोलून दाखवायलाच हवी. पण ती ज्या माणसाच्या नावावर बोलून दाखवली गेली, त्याचेच नाव आज विमानतळावर आहे. गौरवाची प्रदर्शने भरवणाऱ्या समाजाने हा विसंवाद लपवू नये.

आता आपल्याकडे येऊ. मराठवाड्याच्या आणि जालन्याच्या संदर्भात हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ज्या १८३९ साली छायाचित्रण जगापुढे आले, त्याच साली निजामाच्या सेवेतील फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. हैदराबाद संस्थानात त्या काळी चाललेल्या ठगांच्या बंदोबस्ताची ती फलश्रुती. संपूर्ण कादंबरी अमीर अली नावाचा ठग स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्याचे रूप, त्याचा रुबाब, त्याचे खून वाचकाला जसेच्या तसे दिसतात. ज्याच्यापुढे तो कबुली देतो आहे तो साहेब मात्र केवळ एक कान आहे. त्याला चेहरा नाही. त्या काळच्या ठगीच्या खटल्यांत पोलीस आणि न्यायाधीश यांच्यातली रेषा फार पुसट होती आणि सारा भर माफीच्या साक्षीदारांवर होता, हेही येथे ध्यानात ठेवावे. गुन्हेगाराचा चेहरा ठळक आणि न्याय करणाऱ्याचा पुसट, ही वाटणी आपल्या भागात कॅमेरा येण्यापूर्वीच पक्की झाली होती.

पुढे कायद्यानेच तिच्यावर शिक्कामोर्तब केले. १९२० च्या कैदी ओळख कायद्याने सिद्धदोष आणि संशयित कैद्यांची मापे आणि छायाचित्रे घेण्याची मुभा शासनाला दिली. २०२२ मध्ये त्याची जागा अधिक व्यापक कायद्याने घेतली. आरोपीचे छायाचित्र घेणे हा कारभाराचा भाग झाला. न्यायालयात कॅमेरा नेण्यास मात्र मज्जाव राहिला. त्यामुळे आपल्याकडे वृत्तपत्रांत दिसतो तो आरोपी, पोलिसांच्या गाडीतून उतरताना तोंडावर रुमाल घेतलेला. दिसतो तो सरकारी वकील, न्यायालयाच्या पायऱ्यांवर वार्ताहरांशी बोलताना. आत बसलेला माणूस दिसत नाही.

१२ मार्च १९९३ च्या मुंबईतील साखळी स्फोटांचा खटला घ्या. २५७ माणसे मेली आणि मागे हात होता तो संघटित गुन्हेगारी टोळीचा. म्हणजे पालेर्मोतील स्फोटांनंतर वर्ष उलटण्याआधीच एका टोळीने आपल्या महानगरावर युद्धसाहित्यासह हल्ला केला होता. आर्थर रोड तुरुंगाच्या आवारात विशेष न्यायालय बसले. प्रारंभी न्या. जे. एन. पटेल आणि १९९६ पासून न्या. प्रमोद कोदे यांनी हा खटला चालवला. १२ सप्टेंबर २००६ पासून निकाल देण्यास सुरुवात झाली. १२३ आरोपींपैकी १०० दोषी ठरले, २३ निर्दोष सुटले आणि ३१ जुलै २००७ रोजी शिक्षा सुनावण्याचे काम संपले. अकरा वर्षे एकच माणूस त्याच आवारात त्याच खटल्यापुढे बसला होता. त्या वर्षांचे कोणते छायाचित्र आपल्या स्मरणात आहे? एका चित्रपट अभिनेत्याचे. न्या. कोदे यांचा चेहरा डोळ्यांपुढे आणा म्हटले, तर बहुतेक वाचकांना आणता येणार नाही. २००८ च्या नोव्हेंबरमधील मुंबई हल्ल्याचे तसेच. शिवाजी टर्मिनसमध्ये बंदूक घेऊन चाललेल्या कसाबचे सेबॅस्टियन डिसोझा यांनी काढलेले छायाचित्र आपल्या सर्वांना पाठ आहे; ते न्यायालयात पुरावा म्हणूनही आले. ज्या न्या. ताहिलियानी यांनी ६ मे २०१० रोजी त्याला शिक्षा सुनावली, त्यांची मुद्रा कोणाला आठवते?

हा आपला कृतघ्नपणा आहे, असे चटकन म्हणता येईल. मीही प्रथम तसेच म्हणणार होतो. पण थोडा विचार केल्यावर हे मत बदलावे लागले. न्यायाधीशाने चेहरा मागे ठेवावा हा आपल्या न्यायव्यवस्थेचा जाणीवपूर्वक जपलेला संकेत आहे. ७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक जीवनमूल्यांचा जो मसुदा स्वीकारला, त्यात न्यायाधीशाने प्रसारमाध्यमांना मुलाखती देऊ नयेत आणि आपल्या निकालांनाच बोलू द्यावे, अशी अपेक्षा आहे. त्याच मसुद्यात आपण सतत लोकांच्या नजरेखाली आहोत याचे भान ठेवण्याचीही सूचना आहे. लोकांनी पाहावे, पण न्यायाधीशाने दाखवू नये, असा हा अवघड तोल. जिल्हा न्यायालयात न्यायाधीशांच्या दालनात किंवा कार्यालयात पूर्वीच्या न्यायाधीशांची नावे रंगवलेला लाकडी फलक अनेक ठिकाणी असतो. नाव, कधीपासून, कधीपर्यंत. छायाचित्र नाही, पराक्रमाचे वर्णन नाही. एवढ्या कोरड्या फलकातही एक प्रकारची प्रतिष्ठा आहे. माणूस बदलला तरी खुर्ची तीच राहते, हे तो मुकाट्याने सांगतो.

जालन्याला या कोरड्या परंपरेचा जुना वारसा आहे. हा भाग हैदराबाद संस्थानात असताना, १९२१ साली, तेथे न्यायखाते कार्यकारी सत्तेपासून वेगळे करण्यात आले. ब्रिटिश हिंदुस्थानात कलेक्टरच दंडाधिकारी असण्याची पद्धत तेव्हा चालूच होती आणि देशभर ही फारकत कायद्याने पूर्ण व्हायला १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता यावी लागली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात गेला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे पीठ बसू लागले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पालेर्मोत स्तेफानो बोंताते या टोळीप्रमुखाच्या खुनाने माफियाच्या टोळीयुद्धाला तोंड फुटले होते. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. पण कालगणना जवळ ठेवली की एक गोष्ट जाणवते. मराठवाड्यातील पक्षकाराला न्यायासाठी मुंबईची वारी करावी लागू नये म्हणून आपण लढत होतो, तेव्हा तिकडे न्याय मागणे हेच जिवावरचे काम झाले होते.

आज ती दोन जगे पूर्वीइतकी दूर राहिलेली नाहीत. १९९९ मध्ये महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे आपण ज्याला ‘मोक्का’ म्हणतो तो, केला. देशात अशा स्वरूपाचा हा पहिला कायदा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत संघटित गुन्हेगारी हा गुन्हा आता देशभरासाठी आला आहे. मोक्कात विशेष न्यायालय आहे, जामिनाच्या अटी कठोर आहेत आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली काही अटींवर पुरावा ठरते. एवढा अधिकार पोलिसांना दिल्यावर आरोपीवर अन्याय होऊ नये याची सारी भिस्त न्यायाधीशावर येते. टोळीला न घाबरणे हे त्याच्या कर्तव्याचे एक अंग. पुरावा अपुरा असेल तर लोकक्षोभाला न घाबरता सोडून देणे हे दुसरे. मुंबई खटल्यातील ते २३ निर्दोष या दुसऱ्या अंगाची साक्ष आहेत. हसऱ्या शूर चेहऱ्यांचे प्रदर्शन पहिल्या अंगाचा गौरव करते. दुसऱ्याचे छायाचित्र निघत नाही.

आणि संकट जिल्हा न्यायाधीशापर्यंतही पोहोचू शकते. २८ जुलै २०२१ रोजी झारखंडमधील धनबाद येथे अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश उत्तम आनंद पहाटे फिरायला निघाले असता एका रिक्षाने वळून त्यांना धडक दिली आणि त्यांचा मृत्यू झाला. टोळ्यांशी संबंधित काही प्रकरणे त्यांच्यापुढे होती. रिकाम्या रस्त्यावर ती रिक्षा सरळ जाता जाता अचानक कडेला वळते, हे रस्त्यावरच्या पाळत कॅमेऱ्याने टिपले. बरोबर एका वर्षाने, २८ जुलै २०२२ रोजी, दोघांना खुनाबद्दल दोषी ठरवून पुढे जन्मठेप देण्यात आली. त्यांच्यामागे आणखी कोणी होते का, हा प्रश्न मात्र लोकांच्या मनात राहिला. पालेर्मोच्या दोघांना एक जेंतीले भेटला. उत्तम आनंद यांचे जे चित्र देशाने पाहिले ते खांबावरच्या यंत्राने काढलेले होते. त्यात चेहरा नाही, एक ठिपक्याएवढा माणूस आहे. भारतात अशा न्यायाधीशांच्या गौरवाचे प्रदर्शन कधी भरलेच, तर ते धूसर चित्र त्यात लावायचे की नाही, याचा निर्णय सोपा नसेल.

कल्पना करू की असे प्रदर्शन जालन्यात भरले. जेंतीले यांचे ते छायाचित्र तेथे असावेच. दोन माणसांची मैत्री त्यात आहे आणि मैत्रीशिवाय ती लढाई झाली नसती. त्याच्या शेजारी आठ अंगरक्षकांची नावे असावीत, कारण त्यांना ओळखणारे डोळे फार कमी आहेत. बत्तालिया यांनी न काढलेल्या छायाचित्रांसाठी एक रिकामी चौकट असावी. आणि त्यानंतर आपल्या न्यायालयातील एक रोजनामा मांडावा. खटल्याच्या प्रत्येक तारखेला काय घडले त्याची ती नोंद असते: साक्षीदार हजर, साक्षीदार गैरहजर, आरोपीस तुरुंगातून आणले नाही, वकिलांनी मुदत मागितली, सरतपास झाला, उलटतपास तहकूब. अशा शेकडो ओळी आणि प्रत्येक तारखेखाली न्यायाधीशाची सही. त्या माणसाने एवढी वर्षे रोज काय केले याचे याहून प्रामाणिक चित्र कोणताही कॅमेरा देऊ शकणार नाही. फाल्कोने यांच्याकडे होते ते धनादेशांचे गठ्ठे, आपल्याकडे रोजनाम्याचे.

२०२२ च्या सप्टेंबरपासून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचे कामकाज थेट प्रक्षेपित होऊ लागले आणि न्यायाधीशांचे चेहरे आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. जिल्हा न्यायालयात मात्र पक्षकाराला अजून स्वतःच जावे लागते. तारखेला गेलेला माणूस मागच्या बाकावर बसतो, पुकारा होण्याची वाट पाहतो आणि उंच आसनावरचा चेहरा नीट दिसत नसला तरी तिकडे पाहत राहतो. आपले म्हणणे ऐकले जाते आहे की नाही, एवढेच त्याला त्या चेहऱ्यावर वाचायचे असते. रामशास्त्र्यांचा चेहरा आपल्याला माहीत नव्हता, तरी दीडशे वर्षांहून अधिक काळ मराठी माणसाने त्यांचे नाव सांभाळले. जागीरदार आले ते त्यानंतर. त्या काळात लोकांनी जे जपले ते एक वाक्य होते, रघुनाथरावांच्या तोंडावर उच्चारलेले.